कोरं करकरीत दिसलं की सावध! जुन्या बेसबॉल कार्डांतल्या नेहमीच्या चुका

दर उन्हाळ्यात बेसबॉलचा मोसम रंगात आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो फोनवर येतो. फोटोत मिकी मँटल, नाहीतर बेब रूथ, म्हणजे जुन्या नामवंत खेळाडूचं चित्र छापलेलं कार्ड. खाली लिहिलेलं असतं, "काका, हे खरं आहे ना? कालच घेतलं." 'घेऊ का' असं विचारणारे फार थोडे. मी न्यू जर्सीत राहतो आणि जुनी कार्डं जमवतो, हे मंडळात सगळ्यांना कळल्यापासून हा उद्योग मागे लागलाय. माणसं दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

सर्वात महागात पडणारी चूक आधी घेऊ: कापलेलं कार्ड विकत घेणं.

1950च्या दशकातली टॉप्स या कंपनीची कार्डं च्युइंगगमबरोबर मिळायची. पोरं ती खिशात कोंबायची, एकमेकांत वाटायची, सायकलच्या चाकात अडकवायची. अशा कार्डाचे कोपरे बोथट असणारच. आता बाजारात टोकदार कोपऱ्यांना भाव जास्त, म्हणून काही महाभाग धारदार पात्यानं कार्डाची केसभर कड उडवतात. कोपरे नवे होतात, कडा सरळ होतात, आणि हात सफाईदार असेल तर चित्रही नेमकं मध्यावर येतं. फोटोत असं कार्ड देखणं दिसतं. उतावळ्या माणसाला तेवढंच पुरतं.

ओळखीतल्या एका तरुण इंजिनिअरनं असंच 1955चं टॉप्सचं रॉबर्टो क्लेमेंटे घेतलं, कार्ड नंबर 164. क्लेमेंटेवर त्याचा जीव. जीव जडावा असाच तो माणूस होता. कारकिर्दीत बरोबर 3000 हिट्स (चेंडू फटकावून बेस गाठणं), आणि 31 डिसेंबर 1972ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान समुद्रात पडून गेला. त्याचं हे पहिलं कार्ड. रॉ होतं, म्हणजे ग्रेडिंग (कंपनीकडून तपासून अवस्थेला गुण घेणं) न केलेलं, आणि तशा अवस्थेतल्या कार्डाच्या भावापेक्षा पुष्कळच स्वस्त. पठ्ठ्यानं रात्रीच पैसे भरले. कार्ड आलं, चौकटीत बसलं, भिंतीवर टांगलं गेलं, मित्रांना दाखवून झालं. माझ्याकडे आलं ते गणपतीच्या जेवणानंतर, चौकटीसकट.

मी चौकट उघडायला लावली. माझ्याकडचं त्याच सेटमधलं, म्हणजे त्याच वर्षीच्या मालिकेतलं, एक फाटकं, कोपरे गेलेलं कार्ड त्याच्यावर ठेवलं. एका बाजूनं क्लेमेंटे किंचित आखूड भरला. बघायचं म्हटलं तरच दिसेल एवढाच फरक. कडेला भिंग लावलं तर तीन कडा मळकट, पिवळसर, थोडे तंतू सुटलेल्या. चौथी मात्र पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत. पुठ्ठा चारही बाजूंनी एकाच वेगानं जुना होतो. एकच बाजू तरुण राहिली असेल तर ती अलीकडे जन्मलेली आहे. ग्रेडिंगला पाठवल्यावर लेबलावर आकडा आलाच नाही. कार्ड अस्सल, पण फेरफार केलेलं, एवढाच शेरा. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: मी काही तज्ज्ञ नाही, मिळालं तसं विकलं. परत करायची मुदत चौकटीच्या कौतुकात निघून गेली होती.

यावर माझी सवय सांगतो. एखाद्या सेटमधलं महाग कार्ड घ्यायचं मनात आलं की मी आधी त्याच सेटमधलं एक स्वस्त कॉमन घेतो, म्हणजे कुणाला फारसा माहीत नसलेल्या खेळाडूचं, जितकं मळकं तितकं बरं. ते हातात घेऊन पुठ्ठ्याची जाडी, कडांचा रंग, मागची शाई, वास, सगळं ओळखीचं होऊ देतो. मग त्यावर ठेवून मोजतो. 1952 ते 1956ची टॉप्स कार्डं साधारण 2.625 बाय 3.75 इंचांची, 1957पासून अडीच बाय साडेतीन झाली, आणि तेच माप पुढे रूढ झालं. तरी नुसत्या पट्टीवर विसंबू नका. कारखान्यातली कापणीही काटेकोर नव्हती. थोडं लहान भरलेलं कार्ड प्रामाणिक असू शकतं, आणि मुळात मोठं कापलं गेलेलं कार्ड मागाहून छाटून बरोबर मापात आणलेलंही असू शकतं. माप शंका घ्यायला शिकवतं, निकाल कडा देतात.

"एवढं कोण बघतं?" असं विचारणाऱ्यांसाठी या छंदातलं सर्वात गाजलेलं कार्ड हजर आहे. 1909 ते 1911 या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांतून दिलेल्या टी206 मालिकेतला होनस वॅग्नर हा खेळाडू. त्याची एक प्रत 1991 साली आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी लिलावात 4,51,000 डॉलरला घेतली. पीएसए या ग्रेडिंग कंपनीनं ग्रेड केलेलं हे पहिलं कार्ड, आणि त्याला 10 पैकी 8 मिळाले. पुढे 2007 साली ते 28 लाख डॉलरला गेलं. आणि 2013मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलाववाल्यानं न्यायालयात कबूल केलं की त्याच्या कडा आपण छाटल्या होत्या. स्लॅब म्हणजे ग्रेडिंगची सीलबंद पेटी आली की डोळे मिटायचे, असं समजणाऱ्यांनी हा किस्सा दोनदा वाचावा.

स्लॅबबद्दल आणखी एक. पेट्यासुद्धा नकली येतात. लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, आणि तिथे फोटो असेल तर हातातल्या कार्डाशी ताडून बघा. सेंटरिंग (चित्र किती मध्यावर आहे ते) आणि छपाईतले बारीक डाग जुळायला हवेत, कारण खरा क्रमांक उचलून खोट्या लेबलावर छापता येतो. मिनिटभराचं काम आहे, तेही लोक करत नाहीत.

दुसरी माझ्या खास रागाची चूक म्हणजे गोष्ट विकत घेणं. कार्ड नव्हे, गोष्ट. "आजोबांच्या पोटमाळ्यावर सिगारच्या डब्यात सापडलं, मला यातलं काही कळत नाही, म्हणून स्वस्तात देतोय." ही गोष्ट ऐकली की मला हसू येतं, आणि नवख्यांच्या हातात पाकीट येतं. ज्याला काही कळत नाही त्याला नेमकं बेब रूथचंच कार्ड कसं सापडतं? पोटमाळ्यावरच्या डब्यात नव्वद टक्के अनोळखी खेळाडू असायला हवेत. डब्यात एकटा रूथ असेल तर तो डबा बाजारातून आणलेला आहे.

गाउडी या कंपनीच्या 1933च्या सेटमध्ये रूथची चार कार्डं आहेत: 53, 144, 149 आणि 181. या चारांच्या रिप्रिंट इतक्या झाल्यात की खऱ्यापेक्षा खोटीच जास्त नजरेला पडतात. त्यांना चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून, कोपरे घासून वय चढवलं जातं. पण हे बनावट वय सगळीकडे सारखं पसरतं. खरी झीज जिथे बोटं लागतात तिथे होते, कोपऱ्यांवर आणि कडांवर. मधला भाग तुलनेनं ताजा राहतो. अख्खं कार्ड एकसारखं तपकिरी दिसलं तर समजून जा.

दहा पटीचं भिंग घ्या, फार महाग नसतं. जुन्या कार्डावर खेळाडूचं नाव आणि चौकटीच्या रेघा बहुतेक वेळा सलग शाईत छापलेल्या असतात; ठिपके असतात ते चित्रात. रिप्रिंट म्हणजे मूळ कार्डाचा फोटो काढून पुन्हा छापलेला माल, त्यामुळे तिथे अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. दुसरं साधन म्हणजे काळा प्रकाश, नोटा तपासायला वापरतात तो अतिनील दिवा. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची चमकदार रसायनं सर्रास वापरात आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे 1909चं किंवा 1933चं म्हणवणारं कार्ड अंधारात निळसर पांढरं झळकलं तर ते निमूटपणे परत करा. झळकलं नाही म्हणजे खरंच आहे, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. जुना कोरा कागद मिळवून छापणारेही आहेत.

टॉप्सनं स्वतः 1983 साली 1952चा सेट पुन्हा छापला, उघडपणे, मागे रिप्रिंट असं लिहून. ती कार्डं अडीच बाय साडेतीनची आहेत, मूळ सेटपेक्षा लहान. तरी त्यांच्या मागचा शब्द खरवडून ती चौकटीत विकली जातात आणि घेणारे घेतात. तिथे भिंगाचीही गरज नाही, शाळेतली पट्टी पुरते.

1952चा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या सेटमधलं 311 नंबरचं मँटल हे त्याचं पहिलं कार्ड नाही. रुकी कार्ड, म्हणजे नवखेपणीचं पहिलं कार्ड, 1951चं बोमन या कंपनीचं, नंबर 253. आणि 311 हे त्या सेटमधलं सर्वात दुर्मीळही नाही; उलट ते छपाईच्या तावावर दोनदा होतं. 2022मध्ये त्याची एक प्रत 1 कोटी 26 लाख डॉलरला गेली ती तिच्या अवस्थेमुळे आणि मँटलच्या नावामुळे. 311 ज्यात आहे त्या, सेटच्या शेवटच्या टप्प्यातल्या कार्डांची न खपलेली खोकी टॉप्सच्या साय बर्गर यांनी 1960 साली अटलांटिकमध्ये बुडवली हे खरं, पण म्हणून प्रत्येक मँटल दुर्मीळ असं विक्रेता सांगू लागला तर ऐकून घ्या आणि पुढे चला.

आता भराभर.

1987 ते 1993च्या आसपासची सीलबंद खोकी 'जुनी' म्हणून घेऊ नका. तेव्हा कार्डं इतकी छापली की आजही ती कुणाला नकोत. घरमालकानं गराज आवरताना फुकट दिली तर घ्या, मुलांना खेळायला बरी.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. कुणी काहीही मागेल.

पन्नास कार्डांचा गठ्ठा एकदम घेणं म्हणजे आंब्याची पेटी वरचा थर बघून घेणं. खालच्या कार्डांचे फोटो मागा. पुढचे आणि मागचे, दोन्ही. मागे फाटलेला कागद, गोंदाचे डाग आणि पेनानं लिहिलेली नावं असतात, आणि ती पुढून दिसत नाहीत.

चार डॉलरचं कार्ड ग्रेडिंगला पाठवू नका. फी कार्डापेक्षा जास्त पडते. सांगूनही पाठवतात, ते वेगळं.

साफसफाईवर मात्र थांबावं लागेल. कार्डावर खोडरबर, ओला कपडा, इस्त्री, जाड पुस्तकाखाली दाबून दुमड घालवणं, हे सगळं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. 1971च्या टॉप्सला काळी चौकट आहे, तिचे टवके उडतात, आणि काही शहाणे तिथे काळा मार्कर फिरवतात. भिंगाखाली मार्करची शाई जांभळट चमकते आणि कार्ड थेट 'फेरफार केलेलं' या खान्यात जातं. टवके उडालेलं प्रामाणिक कार्ड त्यापेक्षा कितीतरी बरं. वहीत चिकटवलेली टी206 डिस्टिल्ड पाण्यात भिजवून सोडवण्याबद्दल जाणत्यांतही दोन मतं आहेत. ते काम सरावाचं आहे. ज्याला करायचं त्यानं आधी मोडक्या, बिनमोलाच्या कार्डांवर हात बसवावा. नवख्यानं करू नये, हे माझं मत, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

चिकटवण्यावरून आठवलं. या छंदाची पहिली मोठी सूची करणारे सिरॅक्यूजचे जेफरसन बर्डिक. टी206 हे नावही त्यांच्याच सूचीतून आलेलं. त्यांनी आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि संधिवातानं वाकलेल्या हातांनी, वर्षानुवर्षं तिथे बसून, कार्डं वह्यांत डकवली. 1963च्या सुरुवातीला काम संपवलं आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण गोंद त्यांनीच वापरला, आपण वापरू नये.

मी काय करतो तेवढं सांगतो. आधी पातळ पेनी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, मग टॉपलोडर, म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट, तोंडाला चिकटपट्टी नाही. रबरबँड घरात कार्डांच्या जवळ येऊ देत नाही. अल्बममधली पीव्हीसीची मऊ, वास येणारी जुनी पानं फेकून देतो. स्क्रूनं आवळायच्या जुन्या पेट्या कार्ड चेपतात, त्यातून कार्ड काढून घेतो. आणि न्यू जर्सीतल्या तळघरात काही ठेवत नाही. तिथल्या दमटपणात पुठ्ठा फुगतो, वाकतो, बुरशी धरतो. मुंबई-कोकणातल्या घरात ठेवणाऱ्यांनी तर पावसाळ्याचा विचार आधीच करावा, सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट डबा यांचा खर्च कार्डाच्याच किमतीत धरावा.

भारतातून मागवणाऱ्यांना एक वेगळी अडचण आहे. कार्ड खोटं निघालं तर परत पाठवायचा टपालखर्च आणि भरलेली ड्युटी मिळून बारकं कार्ड परवडेनासं होतं. त्यामुळे तिकडून रॉ कार्ड मागवण्यापेक्षा जाणत्या विक्रेत्याचं, खात्रीच्या स्लॅबमधलं, मध्यम अवस्थेतलं कार्ड घ्यावं. किंवा इथे कुणी येणार असेल त्याला कार्ड शोला पाठवावं. शोमध्ये कार्ड हातात घेता येतं, मागितलं तर विक्रेते भिंगही लावू देतात. न लावू देणाऱ्याच्या टेबलापासून दूर व्हावं.

शेवटचं, अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: खरेदीच्या पावत्या जपा. संग्राह्य वस्तू वर्षाहून जास्त ठेवून नफ्यात विकली तर केंद्राचा कर 28 टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअर्ससारखा 15 किंवा 20 वर थांबत नाही. मूळ किंमत दाखवता आली नाही तर अख्खी विक्रीच नफा धरली जाण्याची भीती असते, आणि तेव्हा "एका शोमध्ये रोख घेतलं होतं हो" हे ऐकायला कुणी बसलेलं नसतं.