म्युनिकहून एका दिवसाची डोंगरसफर: गाडीचा योग्य भाग कसा पकडावा आणि वेळेत घरी कसे यावे

नोकरी किंवा शिक्षणासाठी म्युनिकमध्ये राहणाऱ्या माणसाला सुट्टीचा दिवस आल्प्सच्या पायथ्याशी घालवण्यासाठी स्वतःची मोटार लागत नाही. शहराच्या दक्षिणेला टेगर्नझे आणि श्लीअर्सझे ही दोन तळी आहेत, त्यांच्या पश्चिमेला इझार नदीचे खोरे आहे, आणि या तिन्ही ठिकाणी प्रादेशिक रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येते. या विषयावर सल्ल्यांचा सुकाळ आहे. परंतु बहुतेक सल्लागार बूट कोणते घ्यावेत आणि डब्यात काय न्यावे यावरच आपली सारी ऊर्जा खर्च करतात. खरोखर दिवस वाया जातो तो वाटेतल्या होल्त्सकिर्खेन स्थानकात, आणि त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून या लेखातही इतर टप्पे थोडक्यात उरकले आहेत आणि तो एक टप्पा सविस्तर लिहिला आहे.

पहिला टप्पा: तिकीट

डॉइचलांडटिकेट असेल तर वेगळे काहीही काढण्याची गरज नाही. मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालेले हे मासिक तिकीट जानेवारी 2026 पासून 63 युरोंना मिळते आणि सर्व प्रादेशिक गाड्या, उपनगरी गाड्या व बसमध्ये चालते. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. तिकीट नावावर असते, त्यामुळे सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र ठेवावे.

भारतातून आईवडील किंवा मित्रमंडळी आली असतील तर त्यांच्यासाठीही हेच तिकीट घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. हे तिकीट म्हणजे दरमहा आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी आहे. ज्या महिन्याच्या अखेरीस ती थांबवायची त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केली नाही, तर पाहुणे घरी परतल्यावरही पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून जातात. एक-दोन सफरींसाठी बायर्न-टिकेट हा अधिक सरळ मार्ग आहे. ते एका दिवसापुरते असते, त्यावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो, आणि शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून, तर कामाच्या दिवशी सकाळी नऊपासून लागू होते. सर्व प्रवाशांची नावे मात्र तिकिटावर आधीच लिहिलेली असावीत. तपासनीस समोर उभा राहिल्यावर पेन शोधू नये.

दुसरा टप्पा: ठिकाण

पहिल्या खेपेस टेगर्नझे गाठून तिथून नॉयरॉयथ या 1261 मीटर उंचीवरील उपाहारगृहापर्यंत चढावे. चढणीची वाट थेट रेल्वे स्थानकापासूनच धरता येत असल्याने पुढे बस पकडण्याची भानगड राहत नाही. चढण नको असेल तर लेंगग्रीसहून ब्राउनेकच्या किंवा बायरिशत्सेलच्या एक स्थानक अलीकडे, ओस्टरहोफेन येथे उतरून, वेंडेलश्टाइनच्या रज्जुमार्गाने वर जावे. त्याचे भाडे अर्थातच रेल्वेच्या तिकिटात धरलेले नसते.

साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन ही ठिकाणे ऑस्ट्रियात असूनही वरील दोन्ही तिकिटांवर तिथवर जाता येते. तिकडे निघताना पारपत्र आणि निवास परवाना या दोन्ही गोष्टी मूळ स्वरूपात सोबत असाव्यात. जर्मनीने 2015 पासून ऑस्ट्रियाच्या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केलेली आहे, आणि परतताना पोलीस गाडीत चढले की मोबाइलमधले छायाचित्र कामास येत नाही.

तिसरा टप्पा: दिवसाचा उलटा हिशेब

दिवसाची आखणी परतीच्या गाडीपासून मागे करत यावी. डोंगरातल्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेला वेळ विश्रांती न धरता दिलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा वेळ काढण्याची रूढ पद्धत अशी: तासाला 300 मीटर चढण, 500 मीटर उतरण आणि सपाटीवर चार किलोमीटर असा वेग धरायचा, उंचीसाठी लागणारा वेळ आणि अंतरासाठी लागणारा वेळ वेगवेगळा काढायचा, आणि दोहोंपैकी मोठ्या आकड्यात लहान आकड्याचा निम्मा भाग मिळवायचा. 600 मीटर चढण आणि चार किलोमीटर अंतर असेल तर दोन तास अधिक अर्धा तास, म्हणजे अडीच तास होतात. उतरताना हीच वाट पावणेदोन तासांच्या आत संपते. यात जेवणाचा एक तास आणि लहान मुले सोबत असल्यास आणखी एक तास मिळवावा, आणि आलेल्या वेळेनंतरची पहिली गाडी सोडून दुसरी गाडी आपली मानावी. पहिली मिळाली तर उत्तमच.

वरच्या उपाहारगृहांना आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी असते, ती तपासावी आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात, तेव्हा सामान शनिवारीच आणून ठेवावे.

चौथा टप्पा: गाडीत बसणे

बायरिशत्सेल, लेंगग्रीस आणि टेगर्नझे या तीन ठिकाणांना जाणारी गाडी म्युनिकहून बहुधा एकच निघते. होल्त्सकिर्खेनला तिचा एक भाग सुटा होतो आणि बायरिशत्सेलकडे वळतो. उरलेली गाडी शाफ्टलाखपर्यंत एकत्र जाते, आणि तिथे पुन्हा दोन भाग होऊन एक लेंगग्रीसला व दुसरा टेगर्नझेला जातो. मोबाइलमधले ॲप तुम्हाला फक्त ‘थेट गाडी, बदल नाही’ एवढेच सांगते. ते खरेच असते, पण तुम्ही योग्य भागात बसला असाल तरच. मलाही सुरुवातीला हे नीट उमगायला वेळ लागला, कारण म्युनिकच्या फलाटावर उभ्या असलेल्या त्या लांबलचक गाडीत एक डबा दुसऱ्यापासून वेगळा दिसत नाही आणि सगळीकडे सारखीच गर्दी असते.

यातली खरी अडचण अशी की हे भाग आतून एकमेकांना जोडलेले नसतात. एका भागातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही. मध्ये दोन चालककक्ष समोरासमोर असतात. त्यामुळे ‘आधी चढू, मग आतून पुढे सरकू’ ही सवय इथे उपयोगाची नाही.

‘टेगर्नझेसाठी नेहमी पुढच्या भागात बसा’ किंवा ‘मागच्या दोन डब्यांत बसा’ असा पाठ केलेला नियम कोणी सांगितला तर तो ऐकून सोडून द्यावा. एखाद्या दिवशी गाडीची जुळणी बदलते, एखाद्या दिवशी एक भाग कमी असतो, आणि नियम पाठ करणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्याच खोऱ्यात उतरतो. विश्वास ठेवावा तो तीन गोष्टींवर, आणि तोही पुढील क्रमाने.

सर्वप्रथम फलाटावरचा फलक पाहावा. त्यावर फलाटाचे विभाग ए, बी, सी अशा अक्षरांनी दाखवलेले असतात, आणि कोणत्या विभागात कुठे जाणारा भाग उभा राहील ते लिहिलेले असते. त्या अक्षराच्या खांबापाशी जाऊन उभे राहावे. त्यानंतर गाडी आली की डब्याच्या बाहेरील बाजूस, दरवाजाजवळ, झळकणारे अंतिम स्थानकाचे नाव वाचावे. फलाटावरचा फलक आणि डब्यावरचे नाव यांत तफावत आढळली तर डब्यावरचे नाव प्रमाण मानावे. शेवटी आत बसल्यावर छतालगतच्या पडद्यावर तेच नाव आहे ना, याची खातरजमा करावी. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही. तरीही दर रविवारी होल्त्सकिर्खेनच्या फलाटावर पाठपिशव्या सांभाळत एका भागातून दुसऱ्या भागाकडे धावणारी माणसे दिसतात.

त्या धावणाऱ्यांत आपण असलोच, तर काय करावे? होल्त्सकिर्खेन येण्यापूर्वी गाडीत जर्मनमधून घोषणा होते. तीत ‘फोर्डरर त्सुगटाइल’ म्हणजे पुढचा भाग आणि ‘हिंटरर त्सुगटाइल’ म्हणजे मागचा भाग, हे दोन शब्दप्रयोग ओळखता आले तरी पुरेसे आहे. गाडी थांबण्याआधीच सामानासह दाराशी उभे राहावे, दार उघडताच फलाटावर उतरावे, आणि फलाटावरून चालत योग्य भागात जाऊन चढावे. भाग सुटे करण्यासाठी गाडी काही मिनिटे थांबते, परंतु उशिराने आलेली गाडी हा थांबा आखडता घेते. सोबत बाबागाडी किंवा वयस्कर माणसे असतील तर ही धावपळ जमण्यासारखी नसते. म्हणूनच म्युनिकमध्येच नीट पाहून बसण्याचा माझा आग्रह आहे. चुकीच्या भागातून पुढे गेलातच, तर पहिल्याच स्थानकात उतरून मागे यावे. या मार्गांवर पुढची गाडी बहुधा तासाभराने असते आणि तेवढ्याने दिवसाचा हिशेब कोलमडतो.

बायरिशत्सेलच्या मार्गावर आणखी एक गंमत आहे. श्लीअर्सझे स्थानकात रूळ संपतात, आणि गाडी तिथून दिशा बदलून उलटी निघते. खिडकीशी बसलेल्या नवख्या माणसाला आपण म्युनिककडे परत चाललो आहोत असे वाटते, आणि कधीकधी अख्खे कुटुंब घाईघाईने उतरते. उतरू नये. गाडी बरोबर चाललेली असते.

आता गाडी कुठून पकडावी, याबद्दल. या गाड्या म्युनिकच्या मुख्य स्थानकात सामान्यतः 27 ते 36 क्रमांकाच्या फलाटांवरून, म्हणजे स्टार्नबेर्गर नावाच्या उत्तरेकडील भागातून सुटतात. स्थानकाच्या दक्षिणेकडे होल्त्सकिर्खनर नावाचाही एक भाग आहे, आणि होल्त्सकिर्खेनला जायचे म्हणून माणूस साहजिकच तिकडे वळतो. मात्र त्या दिशेची ही गाडी तिथून सुटत नाही. मधल्या मोठ्या दालनातून हे अंतर चालायला बरीच मिनिटे लागतात, म्हणून गाडीच्या वेळेआधी वीस मिनिटे स्थानकात असावे. हाराससारख्या मधल्या थांब्यावर चढणे घराजवळ म्हणून सोयीचे वाटते, पण उन्हाळ्यातल्या स्वच्छ रविवारी तिथे येईपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या असतात, आणि फलाटावर हव्या त्या भागापर्यंत पोहोचायला उसंतही मिळत नाही. मी नेहमी मुख्य स्थानकावरूनच बसतो.

पाचवा टप्पा: चालणे

पाट्यांवरील निळा रंग सोप्या, लाल मध्यम आणि काळा अवघड वाटेचा असतो. पहिली काही वर्षे काळ्याच्या वाटेला जाऊ नये. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून कड्याकडील भाग सकाळीच उरकावा. अपघात झाल्यास 112 हा क्रमांक फिरवावा.

सहावा टप्पा: परत येणे

परतताना भाग जोडले जातात, तुटत नाहीत, त्यामुळे बसायला कुठेही बसले तरी गाडी म्युनिकलाच येते. अडचण निराळी असते. होल्त्सकिर्खेनच्या पुढे तिन्ही खोऱ्यांत मार्ग एकेरी आहे. समोरून येणारी गाडी स्थानकात पोहोचेपर्यंत आपली गाडी हलू शकत नाही, आणि एका खोऱ्यातला उशीर जोडणीच्या स्थानकात दुसऱ्या खोऱ्यातल्या प्रवाशांच्याही माथी येतो. म्हणून दिवसाची शेवटची गाडी हा पर्याय यादीतून काढूनच टाकावा. रविवारी संध्याकाळी पाच ते सात या वेळात अतोनात गर्दी असते; एक तर चारच्या सुमारास निघावे, किंवा तळ्याकाठी निवांत जेवून आठनंतर.

सगळेच बिनसले तर एक पर्याय हाताशी ठेवावा. होल्त्सकिर्खेन हे म्युनिकच्या उपनगरी रेल्वेतील एस-3 या मार्गाचे टोक आहे. कसेही करून तिथवर पोहोचलात की ही गाडी शहरात आणून सोडते. ती जास्त स्थानकांवर थांबते एवढेच. रुळांचे काम चालू असल्यास ‘एसईव्ही’ असे लिहिलेली बदली बस धावते आणि तीत आपले तिकीट चालते. तिचा थांबा स्थानकाबाहेर नेमका कुठे आहे, ते सकाळी पोहोचतानाच पाहून ठेवावे, कारण अंधारात तो शोधण्यात बस निघून जाते.

गाडीला वीस मिनिटांहून अधिक उशीर झाला की आयसीईत बसता येते, हा एक गैरसमज रोझेनहाइम आणि साल्झबुर्गच्या बाजूने परतणाऱ्यांना महागात पडतो. ही सवलत डॉइचलांडटिकेट आणि बायर्न-टिकेट यांसारख्या मोठी सूट असलेल्या तिकिटांना लागू नाही. वैध तिकिटाविना पकडले गेल्यास 60 युरोंपासून दंड असतो. एक तासाहून अधिक उशीर झाल्यास डॉइचलांडटिकेटवर दर वेळी दीड युरो भरपाई मिळते, परंतु चार युरोंहून कमी रक्कम दिली जात नाही. म्हणून उशिराची प्रत्येक नोंद जपून ठेवावी आणि तीन जमल्यावर एकत्र अर्ज करावा.