फर्स्ट पीयूला (म्हणजे अकरावीला) बायोलॉजी घेतलीय? मग सुरुवात उसापासून करा

दहावीपर्यंत मराठी मिडीयम आणि आता एकदम पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), अशी पोरं दरवर्षी विचारायला लागतात की ताई बायोलॉजी पाठ कशी करायची, आणि मी म्हणते पहिले दोन महिने पाठ काहीच करू नका, तर सगळ्यांची तोंडं उतरतात. पण बघा की, वर्गात पुस्तक इंग्लिश, सर समजावताना मधेच कन्नडात शिरतात, आपलं डोकं मराठीत चालतंय, आणि पुस्तक सुरू होतंय तेच वर्गीकरणानं, म्हणजे लॅटिन नावांची रांगच रांग. निम्मी पोरं तिथंच हाय खातात. त्यामुळं कॉलेजात जे चाललंय ते चालू दे, घरी मात्र बायोमॉलिक्यूल्सचा, म्हणजे सजीवांतल्या रेणूंचा, धडा आधी उघडा आणि एकच रेणू धरून त्याच्या मागं मागं जा. आपल्याकडं, बेळगाव भागात, तो रेणू सुक्रोज, म्हणजे साखर. खानापूर म्हणा, निपाणी-चिकोडी म्हणा, स्वतःचा नाहीतर शेजाऱ्याचा ऊस कुणी बघितला नाही असं होतच नाही.

आता घरात हे ऐकलेलं असतंय, तोडणी झाली, ट्रॅक्टर यायला उशीर झाला, ऊस बांधावर पडून राहिला, आता वजनही घटणार आणि रिकव्हरीही (उसातून निघणारी साखर) पडणार. वजन घटतंय ते पाणी उडतंय म्हणून, ते कळतंय. पण साखर कुठं जाते? सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज जोडलेले. उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रोटीन, असतंय, ते पाणी वापरून हा जोड तोडतंय, शिवाय कापलेल्या टोकातून जंतू शिरतात ते वेगळंच. जोड तुटला की सुक्रोजचे दाणे तेवढे कमी पडणार, आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज ओलावा ओढून घेतात म्हणून शिळ्या उसाचा गूळ मऊ, चिकट होतोय. हायड्रोलिसिस (पाणी वापरून तोडणं), ग्लायकोसिडिक बॉण्ड (तो जोड), एन्झाइम, तीन कन्सेप्ट इथंच झाले.

हेच लॅबमध्ये परत भेटतंय. एका टेस्ट ट्यूबमध्ये साखरेचं पाणी, त्यात बेनेडिक्ट (ग्लुकोजसारखी साखर ओळखायचं निळं द्रावण) घालून गरम करा, निळं ते निळंच राहणार, कारण ग्लुकोजचा पहिला कार्बन आणि फ्रुक्टोजचा दुसरा, दोघांचेही रिड्यूस करणारे, म्हणजे बेनेडिक्टचा रंग बदलणारे, ग्रुप त्या जोडातच अडकलेत. दुसऱ्या ट्यूबमध्ये तीच साखर, पण आधी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून उकळा, मग सोडियम बायकार्बोनेट चिमटी-चिमटीनं घाला (फेस येतो, ट्यूब तोंडाजवळ धरू नका), फेस थांबला की बेनेडिक्ट. हिरवं, पिवळं, नारिंगी करत विटेच्या रंगावर येतंय. बायकार्बोनेट विसरलात तर रंगच येत नाही, कारण बेनेडिक्टला अल्कलाइन माध्यम लागतंय, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास हाच प्रश्न येतो.

आता इथं जरा थांबा, कारण एन्झाइम म्हणजे काय ते इथंच डोक्यात बसतंय. जे काम करायला आपल्याला ॲसिड आणि उकळी लागली तेच इन्व्हर्टेजनं बांधावर पडलेल्या उसात, गॅस नाही काय नाही, करून टाकलं. एन्झाइम हे प्रोटीन, म्हणून जास्त तापवलं की त्याची घडी मोडते आणि ते बंद. मग तुम्ही म्हणाल रस उकळला की प्रश्न मिटला, पण नाही, उसाचा रस मुळात जरा आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आंबट) साधारण ५ ते ५.५, म्हणजे एन्झाइम मेलं तरी आंबटपणा आणि उष्णता मिळून तोच जोड तोडत राहतात. म्हणून कारखान्यात रसात चुना घालून पीएच ७ च्या आसपास आणतात, गुऱ्हाळातही चुन्याची निवळी घालतात ती बघितली असेलच. पीएचचा धडा ह्याच्यापेक्षा चांगला मला तरी कुठं मिळाला नाही.

पुढं हेच ग्लुकोज पेशीत गेलं की ग्लायकोलिसिस. दहा पायऱ्यांची नावं नंतर पाठ करा, आधी एवढंच बघा की सहा कार्बनचं ग्लुकोज आत गेलं, तीन कार्बनचे दोन पायरुव्हेट बाहेर आले, निव्वळ २ एटीपी (पेशीची ऊर्जा साठवणारा रेणू) हातात, आणि हे सगळं सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीतल्या द्रवात, मायटोकॉन्ड्रियाची (पेशीच्या ऊर्जाघराची) पाळी त्याच्यानंतर. एका ग्लुकोजमागं एकूण एटीपी ३८ असं आपल्या पुस्तकात, आणि नवीन पुस्तकांत ३० ते ३२, त्यावरून भांडत बसू नका, पेपरात पुस्तकातलं लिहा.

आणि मागं गेलात तर ही साखर बनली कशी, तिथंही ऊसच. कार्बन डायऑक्साइड पकडल्यावर आधी तीन कार्बनचं संयुग बनतं हे शास्त्रज्ञ कॅल्व्हिन यांनी रेडिओॲक्टिव्ह कार्बन वापरून दाखवलं, १९६१ चं नोबेल त्यावरच, पण उसात चार कार्बनचं आधी दिसलं, आणि ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक ह्यांनी १९६६ मध्ये तो सी-४ मार्ग मांडला. भात सी-३ (तीन कार्बनवाला), ऊस-मका-जोंधळा सी-४, लिस्ट वेगळी पाठ करायची गरज नाही, शिवारात बघा.

प्रोटीनला मात्र उदाहरण सिकल सेल ह्या रक्ताच्या आजाराचंच घ्या, हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिड ह्या अमिनो ॲसिडऐवजी व्हॅलिन हे दुसरं, एवढ्या फरकानं लाल पेशीचा आकार बदलतो. लिपिड्स मला स्वतःला कंटाळवाणं वाटतंय, दोन दिवसांत उरका.

भाषेचं म्हणाल तर समजून घ्या मराठीत, मोठ्यानं, आईला नाहीतर धाकट्या भावाला सांगून, आणि त्याच रात्री तेच पाच-सहा ओळींत इंग्लिशमध्ये लिहा, ग्रामर चुकलं तर चुकू दे, टर्म आणि आकृतीची नावं चुकवू नका. बायोमॉलिक्यूल्स सेकंड पीयूला केमिस्ट्रीत परत येतंय, त्यामुळं वही टाकू नका.

सगळे नीटच्याच (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या) मागं आहेत ते ठीक, पण सीट नाही मिळाली तर बीएस्सीला बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी आहे, साखर कारखान्यांच्या लॅबला केमिस्ट लागतातच. गणेशपूर रोडवरची निजलिंगप्पा साखर संस्था आणि आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची संस्था दोन्ही आपल्या बेळगावातच आहेत, सुट्टीत सीबीटीवरनं (मध्यवर्ती बसस्थानकावरनं) बस धरून निदान चौकशी तरी करून या.