पोर्टलंडच्या सिटी ऑडिटरसाठी उमेदवार कसा पारखावा

मुंबई-पुण्यात महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक नेमला जातो, मत मागायला तो कुणाच्या दारात येत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडमध्ये मात्र सिटी ऑडिटरला लोकच चार वर्षांसाठी निवडून देतात, तेही पक्षाच्या चिन्हाशिवाय. त्यामुळे नव्याने नागरिक झालेल्या मराठी मतदाराला हमखास प्रश्न पडतो: याला निवडायचं तरी कशावरून?

आधी स्वतःचा पत्ता तपासा. बीव्हर्टन-हिल्सबरोची मंडळी सर्रास ‘आम्ही पोर्टलंडला असतो’ म्हणतात, पण ती शहरं वेगळी. त्यांच्या मतपत्रिकेवर हा उमेदवार येणारच नाही. मतदार नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत करता येते.

मग पात्रता बघा. शहराच्या सनदेनुसार, म्हणजे शहराचा कारभार ठरवणाऱ्या मूळ नियमांनुसार, ऑडिटर हा सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा परवानाधारक हिशेबनीस), सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर किंवा सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट असावाच लागतो. म्हणजे पत्रकावर ‘सीपीए’ ठळक छापलेलं बघून भारावून जाऊ नका, ती किमान अट आहे. विचारायचं ते हे, की कामगिरीचं लेखापरीक्षण कधी केलंय का? खर्चाच्या पावत्या जुळतात का ते बघणं वेगळं आणि त्या खर्चातून रस्ते खरंच सुधारले का ते शोधणं वेगळं. या पदावर दुसऱ्या प्रकारच्या तपासणीचीच गरज जास्त. शिवाय नागरिकांच्या तक्रारींची चौकशी करणारा ऑम्बुड्समन आणि शहराच्या निवडणुकांचं कामही याच कार्यालयाकडे असतं.

खरी पारख होते ती आश्वासनांवरून. ‘कर कमी करीन’, ‘चोरांना आत टाकीन’ असं म्हणणाऱ्याला एक तर पद कळलेलं नाही, नाहीतर तो तुम्हाला गृहीत धरतोय. ऑडिटर कर ठरवत नाही, खटलेही भरत नाही. तो तपासतो, अहवाल जाहीर करतो, शिफारशी करतो. नगर परिषद त्या बासनात गुंडाळून ठेवू शकते. म्हणून सभेत सरळ विचारा: ‘खात्याने तुमची शिफारस मानली नाही, तर पुढे काय?’ पाठपुराव्याची ठोस पद्धत सांगणारा उमेदवार कामाचा. ज्यांची तपासणी करायची, त्यांच्यावरच अवलंबून राहावं लागू नये, म्हणून २०१७ मध्ये मतदारांनी सनद बदलून या कार्यालयाला जास्त स्वायत्तता दिली. तिचं तो काय करणार, हेही विचारा.

विद्यमान ऑडिटर पुन्हा उभा असेल तर काम सोपं. त्याचे दोन-तीन अहवाल काढा आणि मागून वाचायला लागा. शेवटी संबंधित खात्याचं उत्तर जोडलेलं असतं. ‘आम्ही सहमत आहोत’ एवढंच लिहून तारीख टाळली असेल, तर पुढच्या अहवालात त्याचा जाब विचारलाय का ते बघा.

देणग्या राज्याच्या ‘ऑरेस्टार’ या संकेतस्थळावर दिसतात. वर्षात १०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव तिथे येतं. शहराची कंत्राटं घेणारी नावं शोधा.

मतपत्रिका टपालाने घरी येते. उमेदवारांना पहिला, दुसरा असा पसंतीक्रम द्यायचा असतो, एकालाच दिला तरी चालतं. परतीच्या लिफाफ्यावर सही नोंदणीच्या वेळी केली होती तशीच हवी. तेव्हा मराठीत केली असेल तर आताही मराठीतच करा. मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत लिफाफा अधिकृत मतपेटीत टाका.