काठावरच्या बहुमतात विधेयक पास होईल का, हे कसं ओळखावं

विधानसभेच्या जागा 288, बहुमताला 145, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. निकालाच्या रात्री 'जादुई आकडा गाठला, आता पाच वर्षं बघायला नको' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. 145 ने सरकार बसतं. कायदा करायचा तर प्रत्येक वेळी नव्याने डोकी मोजावी लागतात.

आधी कोणतं बहुमत हवं ते बघा. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं, काही ठरावांना पुरत नाही. आपल्या नाशिक महापालिकेत 2017 ला भाजपचे 122 पैकी 66 नगरसेवक निवडून आले. ऑगस्ट 2018 मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव आणायचं ठरलं, पण आयुक्त हटवायला एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश, म्हणजे 77 मतं लागतात. स्वतःच्या 66 मध्ये ते भागणारं नव्हतंच. (मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून ठराव मागे घेतला गेला, मतदान झालंच नाही.)

मग कागदावर बेरीज करा. समजा सत्तेकडे 148, विरोधात 140. अध्यक्ष सत्ताधाऱ्यांचे, आणि मतं समसमान पडल्याशिवाय ते मत देत नाहीत. राहिले 147. त्यातले चार जण पलीकडे गेले की 143 विरुद्ध 144. आठची आघाडी चार माणसांत संपते.

आता खरा किचकट भाग. मला यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण 'व्हीप (मत कसं द्यायचं याचा पक्षादेश) काढला की विषय संपला' हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. 1985 पासून राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते, हे खरं. पण व्हीप फक्त त्या पक्षाच्या आमदाराला लागतो. पाठिंबा देणाऱ्या अपक्षाला कुणाचाच व्हीप नाही. मित्रपक्षाचा व्हीप मित्रपक्षाचा प्रतोद काढणार, तुमचा नाही. म्हणून 148 ची यादी घेऊन तीन रकाने पाडा: मुख्य पक्ष, मित्रपक्ष, अपक्ष. दुसरा आणि तिसरा रकाना मिळून आठच्या मताधिक्यापेक्षा मोठा असेल, तर विधेयकाचा मसुदा सरकार एकटं ठरवत नाही, हे लिहून ठेवा.

पुढची गोम अशी की शिक्षा करणंच परवडत नाही. मोडणाऱ्याला अपात्र करायचं तर स्वतःचंच बहुमत एकाने घटतं. शिवाय त्याने दिलेलं मत काही परत येत नाही. पंधरा दिवसांत पक्ष त्याला माफ करू शकतो, आणि काठावरचा पक्ष बहुधा करतोच. हे नाराज आमदाराला पक्कं ठाऊक असतं. आवक घटली की भाव चढतो, हे लासलगावच्या कांदा बाजारात कुणाला शिकवावं लागत नाही, इथेही तेच. कुणाला मंत्रिपद हवं, कुणाला धरणाचं पाणी, कुणाला विधेयकातलं एक कलम गाळून हवं. म्हणून विरोधकांच्या घोषणा मोजत बसू नका. घोषणांनी विधेयक पडत नाही. आपल्याच बाकावरचा कोण गप्प आहे ते बघा. तो सभागृहात विरोधात मत देणार नाही. विधेयक सभागृहात येऊच देणार नाही. व्हीप मतदानाच्या वेळी चालतो, बैठकीतल्या 'थोडं थांबूया' वर नाही.

समित्यांचा हिशेब सोपा आहे. महापालिकेच्या स्थायी समितीत 16 जण, पक्षांच्या तौलनिक संख्याबळाप्रमाणे. 66 नगरसेवकांना 8.66, म्हणजे 9 जागा. दोन नगरसेवक घटले की 8.39, म्हणजे 8. सभागृहात बहुमत शाबूत, तिजोरीच्या समितीत मात्र बरोबरी.

विधान परिषदेत संख्या नसेल तर साधं विधेयक काही महिने लांबतं, धन विधेयक जास्तीत जास्त 14 दिवस. एवढंच.

शेवटी कामकाजपत्रिका बघायची सवय लावा. विधेयक आज पत्रिकेवर, उद्या गायब, परवा चिकित्सा समितीकडे (विधेयक तपासणाऱ्या आमदारांच्या समितीकडे), असं दिसलं की आकडे जुळलेले नाहीत असा संशय धरा. अधिवेशन संपताच त्याच विषयावर अध्यादेश निघाला तर संशय पक्का. अध्यादेश पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर तो संपतो. ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि त्या आठवड्यात कोणता आमदार अचानक 'नाराज' असल्याच्या बातम्या येतात तेवढं वाचा.