बौद्धिक दिव्यांग फुटबॉलपटूंच्या हृदयाचे ठोके मैदानावर कसे मोजावेत

दमलं की बरीच मुलं ‘दमलो’ म्हणून खाली बसतात. बौद्धिक दिव्यांग संघात काहींना दमणं शब्दांत सांगता येत नाही, काही जण आपण थांबवेपर्यंत पळतच राहतात. त्यांच्यासाठी ठोके मोजायचे.

आधी डॉक्टरांची तपासणी. डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जादा असण्याची जन्मजात स्थिती) असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतःच हृदयाचा काही ना काही दोष असतो. थायरॉइडचा त्रास किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यानेही ठोके बदलतात, म्हणून पालकांना विचारून वहीत टिपून ठेवा. संमती पालकांची घ्याच, पण खेळाडूचीही घ्या.

मग ठोके मोजणाऱ्या पट्ट्याशी ओळख. इथे घाई नको. छातीचा पट्टा ओला करूनच बांधावा लागतो. आमच्या गोलकीपरने पहिल्या दिवशी “गार! गार!” ओरडत तो भिरकावून दिला. पुढचे काही दिवस पट्टा नुसता त्याच्या हातात राहिला, नंतर बनियनवरून बांधला. एकदा मी स्वतःला बांधून दाखवला. शेवटी कोमट पाण्यात भिजवला, तेव्हा त्याने आपणहून बनियन वर केला. ज्याला छातीवर सोसतच नाही, त्याच्या दंडावर सेन्सर लावा. मनगटावरचं घड्याळ पळताना बऱ्याचदा चुकतं.

आता आकडा. घड्याळातलं कमाल ठोक्यांचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र इथे फसवतं. डाउन सिंड्रोममध्ये श्रम वाढले तरी ठोके इतरांइतके वर चढत नाहीत. वीस वर्षांच्या खेळाडूचा कमाल आकडा त्या सूत्राने २०० येतो. संशोधक फर्नहॉल आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या सूत्राने साधारण १६८. म्हणजे १६० ठोक्यांवर घड्याळ ‘अजून जोर लावा’ म्हणत असतं, आणि पोराचा जीव मेटाकुटीला आलेला असतो! तेही सूत्र सरासरीचंच आहे. म्हणून पाच मिनिटं शांत बसवून घेतलेला आकडा आणि चार-पाच सरावांतला सर्वांत वरचा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, आणि तेच त्याचं माप धरा.

सामन्यात एका मदतनीसाने फक्त ठोके दाखवणारा टॅबलेट पाहावा. खेळाडूला आकडे सांगू नका. हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवा. मात्र रेफरीच्या कार्डांशी गल्लत होऊ नये म्हणून आपली कार्डं गोल कापा आणि सरावातच सवय लावा. बदली करून बाहेर आणल्यावर मिनिटभरात ठोके किती उतरले तेही टिपा.

छातीत दुखणं, चक्कर, निळसर ओठ यांपैकी काहीही दिसलं, तर आकडा कितीही चांगला असो, खेळ थांबवून डॉक्टरांना बोलवा.

आणि या नोंदी संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. त्या खेळाडूच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि डॉक्टरांच्या आहेत.