साहसी मोहिमांचे नेतृत्व करू पाहणाऱ्या मुलींसाठी: नोंदवहीतला ‘भूमिका’ हा रकाना

गिर्यारोहण मोहिमांचे नेतृत्व हाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मुली मला बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो ताकदीचा. ताकद कमवावी लागतेच. पण सुरुवातीच्या वर्षांत मला अडवले ते ताकदीने नव्हे, तर निर्णय घेण्याची पाळी माझ्यावर कधी येतच नव्हती, याने.

मी सहायक म्हणून काम सुरू केले तेव्हा सहभागींचे वैद्यकीय अर्ज तपासणे, शिध्याचा हिशेब ठेवणे आणि रांगेच्या शेवटी थकलेल्यांसोबत चालणे ही कामे आपसूक माझ्याकडे येत. ती दुय्यम मुळीच नाहीत, कारण आजारपणाची पहिली लक्षणे बहुतेक वेळा मागे पडणाऱ्यांतच दिसतात. मात्र दोर लावणे, वाट निवडणे आणि परत कधी फिरायचे हे ठरवणे पुरुष सहकाऱ्यांकडे जाई. कोणी मुद्दाम डावलत नव्हते. ज्याचा हात बसलेला आहे त्यालाच घाईच्या वेळी काम दिले जाते, आणि त्यामुळे दुसऱ्याचा हात कधी बसतच नाही. दोन वर्षांनी नोंदवही चाळली, तर मोहिमा भरपूर होत्या, पण ‘भूमिका’ या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘सहायक’ एवढेच लिहिलेले होते. पुढच्या प्रमाणपत्रांसाठी मूल्यमापन करणारे हा रकाना बारकाईने पाहतात, म्हणून तुम्ही तो पहिल्या मोहिमेपासून भरा आणि दर काही महिन्यांनी तपासा.

जपानमध्ये 1969 साली जुन्को ताबेई यांनी महिलांचा गिर्यारोहण क्लब स्थापन केला, त्याचे मोल मला या अनुभवानंतर कळले. त्या क्लबने 1970 मध्ये अन्नपूर्णा-3 ची मोहीम केली आणि 1975 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ताबेई उपनेत्या होत्या. 16 मे रोजी त्या एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या, ही नोंद सर्वांना ठाऊक असते. त्याआधीची कित्येक वर्षे त्या सगळ्या जणी पैसा उभा करण्यापासून मोहीम आखण्यापर्यंतची जबाबदारी स्वतः पेलत होत्या, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मला खरा आधार मिळाला तो एका ज्येष्ठ मार्गदर्शकांकडून. एका कड्यावर त्यांनी अँकर, म्हणजे दोर अडकवण्याचा पक्का आधार, मला बांधायला सांगितला आणि स्वतः दूर जाऊन बसले. मी खडकात बसवलेल्या दोन बोल्टांना स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टी, लावली. तपासताना त्यांनी स्लिंगच्या दोन्ही बाजूंमधल्या कोनावर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘एकेका बोल्टवर किती भार येईल?’’ कोन 60 अंशांच्या आत असेल तर प्रत्येक बोल्टवर साधारण 58 टक्क्यांपर्यंत भार येतो. 120 अंशांना मात्र प्रत्येकावर पूर्ण भार पडतो, म्हणजे दोन बोल्ट लावूनही भार विभागला जातच नाही. माझा कोन फार उघडला होता. त्यांनी तो स्वतः दुरुस्त केला नाही; मी लांब स्लिंग घेऊन अँकर पुन्हा बांधेपर्यंत ते थांबले, कॅराबिनरचे (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे) लॉक पाहिले आणि त्याच अँकरवरून सर्वांच्या आधी खाली उतरले. पाठीवरच्या कौतुकाच्या थापा मला पुष्कळ मिळाल्या होत्या, पण माझ्या गाठीवर स्वतःचा जीव टाकणारे ते पहिलेच.

प्रमुख झाल्यावरही सहभागी प्रश्न विचारत ते माझ्या पुरुष सहायकाला. अशा वेळी सहायकाने उत्तर माहीत असूनही ‘‘प्रमुख त्या आहेत, त्यांना विचारा’’ असे प्रत्येक वेळी म्हणावे, हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

सॅक निवडताना तिची उंची आपल्या पाठीच्या लांबीशी जुळते का ते पाहा, नाहीतर कंबरेवर यायला हवे ते ओझे दिवसभर खांद्यांवर राहते. मासिक पाळीच्या काळातील थांबे आणि कचऱ्याची व्यवस्था मी पहिल्याच माहितीसत्रात सर्वांसमोर सांगते. त्यानंतर कोणालाही संकोचाने पाणी पिणे टाळावे लागत नाही.

आता माझ्यासोबत सहायक मुलगी असली, की कोणता निर्णय कोणाचा, हे आम्ही निघण्यापूर्वी कागदावर लिहितो. गेल्या मोहिमेत परत फिरण्याचा निर्णय तिच्याकडे होता. माथा समोर दिसत असताना तिने ढग पाहून गट मागे वळवला. मी कदाचित आणखी अर्धा तास थांबले असते, पण तिथे मी काही बोलले नाही. संध्याकाळी तंबूत आम्ही तिच्या निर्णयाची कारणे सविस्तर तपासली आणि तिच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे ‘प्रमुख’ असे लिहून मी सही केली.