काळ्या कुर्तीवर भरतकामाचं डिझाइन कसं उतरवायचं

पांढऱ्या कापडावर कार्बन पेपर चालून जातो, पण काळ्या कुर्तीवर किंवा ताणणाऱ्या टीशर्टवर धड काही दिसतच नाही, तिथे पाण्यात विरघळणारा स्टॅबिलायझर घ्या, म्हणजे कापडावर लावायची पातळ शीट, तिच्यावर डिझाइन काढून वरूनच भरायचं आणि मग ती धुऊन टाकायची. पारदर्शक पण मिळतो, पण तो धावदोऱ्याने टाचावा लागतो आणि टाके दाट झाले की फाटतो, म्हणून मी तरी मागचा कागद सोलून चिकटवायचा पांढराच घेते.

इंदूरच्या शीतलामाता बाजारातून कापड आणलंत की आधी धुऊन वाळवा, आटायचं ते आत्ताच आटू दे, नाहीतर शेवटच्या धुण्यात भरलेली फुलं आकसतात. मग स्टॅबिलायझर डिझाइनवर ठेवून पाण्याने जाणाऱ्या पेनने गिरवा. बॉलपेन अजिबात नको, आणि पेन्सिलीचा काळेपणा फिक्या दोऱ्याला लागतो. स्टॅबिलायझर कापडाच्या वरूनच चिकटतो त्यामुळे डिझाइन उलटं काढायचं नाही, नाव भरायचं असेल तर फार सोयीचं. प्रिंट काढायची तर प्रिंटरला चालणारीच शीट घ्या आणि इंकजेटवरच काढा, लेझर प्रिंटर तापतो.

कडेने थोडी जागा सोडून कापा, चिकटवा, रिंग लावा, भरायला बसा. सुई चिकट होते, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसायची. हाताला घाम नको, उरलेला तुकडा झिपच्या पिशवीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि धुवायच्या आधी इस्त्री नाही म्हणजे नाही, काही पेनांच्या रेघा गरम लागल्या की पक्क्या बसतात.

आता धुणं, खरं काम इथेच आहे. लाल, मरून दोरा असेल तर भरायच्या आधीच एक तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघा, रंग उतरला तर तो दोरा बादच. भरून झालं की जास्तीचा स्टॅबिलायझर कापून टाका, कोमट पाण्यात भिजत ठेवा, चोळायचं पिळायचं नाही, पाणी बुळबुळीत झालं की बदला. दाट भरलेल्या पाकळीत तो अडकून बसतो, वाळल्यावर तिथेच खळ दिल्यासारखं कडक लागलं तर पुन्हा भिजवा, काही बिघडत नाही. मग टॉवेलवर उपडं ठेवून मागून इस्त्री.

रेशमी महेश्वरीवर मात्र हे नको, जे पाण्यात भिजवायचं नाही त्यावर हा स्टॅबिलायझर लावायचाच नाही, तिथे टेलरची पांढरी खडूची पेन्सिल बरी.